गाभाऱ्यातला बाबल्या

गंगारामभाऊ गुरव माणूस सज्जन, पण सकाळी दहाच्या आत त्यांच्याशी बोलायची सोय नसे. दहापर्यंत ते बशा वाचत.

रत्नागिरीत मारुती आळीच्या मागच्या बाजूला डॉक्टर फणसळकरांचं लहानसं हॉस्पिटल होतं. खाली आठ खाटा, वर माडीवर लॅबोरेटरी. माडीवर आम्ही दोघंच. भाऊ लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायचे आणि काय निघालं ते चिठोऱ्यावर लिहून माझ्याकडे सरकवायचे. मी ते टाईप करायची, डॉक्टरांची सही घ्यायची आणि पाकिटात घालायची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. जिभेला हाड नव्हतं, आणि चिडवायला दिवसभर समोर एकच माणूस. दोष एकट्या माझाच होता असं मी म्हणणार नाही.

बशा वाचणं म्हणजे काय, ते आधी सांगते. एखाद्याचा ताप उतरत नसला की भाऊ त्याच्या रक्तातला जंतू वाढवून काचेच्या बशीत पसरत. त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या चकत्या गोलाकार मांडत आणि बशी रात्रभर उबेच्या कपाटात ठेवत. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसेल, म्हणजे जंतू मेलेला असेल, ते औषध रोग्याला लागू. ज्या चकतीला खेटून जंतू उगवला असेल, ते औषध प्यायलं काय आणि नळाचं पाणी प्यायलं काय, सारखंच.

हे काम भाऊंना इतकं का मानवलं, ते त्यांच्या गावी गेल्याशिवाय कळायचं नाही. देवरूखहून पुढे पाऊण तास चढण चढलं की त्यांचं गाव. ग्रामदेवतेची पूजा त्यांच्या घराकडे. थोरला भाऊ धोंडू देवाला कौल लावतो. देवाच्या पाषाणावर पाण्यानं फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची कळी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. धाकटा गंगाराम सोळाव्या वर्षी मुंबईला गेला, एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत बाटल्या धुवायला लागला, आणि धुता धुता बघून बघून सगळं शिकला. बारा वर्षांनी डॉक्टरांनी त्यांना इकडे आणलं ते साल ऐंशी.

"धोंडूदादा देवाला इचारतो, मी जंतूला इचारतो," भाऊ म्हणायचे. ही त्यांची थट्टा नव्हती. थट्टा त्यांना जमतच नसे. चकत्या मांडताना ते चपला दाराबाहेर काढत, तोंडातून शब्द काढत नसत आणि उबेचं कपाट बंद केलं की दारावर हात ठेवून पुटपुटत, "बा महाराजा, काय आसंल ता खरा सांग."

गाऱ्हाण्याला गावकरी साद देतात तशी मी टाईपरायटरवरून ओरडायची, "व्हय महाराजा!"

"देवाची मस्करी करू नये, बाय."

"देवाची कुठे, मी जंतूची करत्ये."

त्यावर ते दहा मिनिटं रुसून बसत. मग चहा आला की विसरत.

त्यांचा एक नियम होता. एकदाच विचारायचं आणि आलं ते उत्तर घ्यायचं. गावात मनासारखा कौल मिळाला नाही की लोक प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारतात, त्याचा त्यांना भारी राग. डॉक्टरसुद्धा कधी म्हणत, "गुरव, हे पटत नाही, परत लावा." भाऊ परत लावत, पण तोंड एवढंसं करून.

आता बाबल्या. मुंबई सोडताना भाऊंनी तिथला एक गरीब जंतू बरोबर आणला होता. माणसाच्या आतड्यात राहणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, कुठल्याही औषधानं मुकाट मरणारा. त्याचं नाव त्यांनी बाबल्या ठेवलं होतं. दर सोमवारी बाबल्याच्या बशीवर चकत्या मांडायच्या. बाबल्या मेला तर चकत्या ताज्या आहेत. मेला नाही तर चकत्या शिळ्या, त्या फेकून द्यायच्या. सोमवार-मंगळवारी आमच्याकडे जे बोलणं चाले ते बाहेरच्यानं ऐकलं असतं तर पोलीस बोलावले असते.

"बाबल्या मेला?"

"मेला. देवाची कृपा."

चकत्या शिळ्या व्हायचं कारण म्हणजे आमचा फ्रिज. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि असेल तेव्हा त्यात डॉक्टरीणबाईंचा आमरस. भाऊंनी दारावर मोठ्या अक्षरात 'आत जंतू आहेत' असं लिहिलं, तरी एप्रिल उजाडला की बरण्या आत. या फ्रिजच्या धास्तीनं त्यांनी मुंबईहून आणलेली मूळ कुपी, मेणानं तोंड बंद केलेली, गावी नेऊन देवाच्या गाभाऱ्यातल्या कोनाड्यात ठेवली होती. तिथे दगडी गारवा, काळोख, आणि वीज नसल्यामुळे ती जाण्याचा प्रश्नच नाही. लॅबोरेटरीत वापरायचा बाबल्या होता तो तिच्यातून काढलेला, दर आठवड्याला जुन्या नळीतून नव्या नळीत घालून चालू ठेवलेला.

एकोणनव्वदच्या शिमग्याला भाऊ दरसालप्रमाणे पालखीसाठी आठ दिवस गावी गेले. जाताना माझ्या हातात तार दिली. लाकडी मुठीची, टोकाला वेटोळं असलेली.

"सोमवारी बाबल्याला नव्या नळीत घालायचा. तार इस्टोवर लाल होईस्तो धरायची, थंड करायची, जुन्या नळीत बुडवायची, नव्या नळीत बुडवायची. परत लाल करायची, मंजे तारेवर कोन जित्ता ऱ्हात नाय. समजला?"

"विरजण लावायला शिकवताय होय मला?" मी म्हटलं.

सोमवारी मी तार स्टोव्हवरून अशी एक फिरवली, नळीत बुडवली आणि झाकण लावलं. उबेच्या कपाटात जागा नव्हती म्हणून नळी टेबलावरच ठेवली. मार्चचा उकाडा होता, तेवढी ऊब पुरेल असं वाटलं. चार मिनिटांचं काम. त्याच सकाळी त्याच तारेनं मी टायफॉइडच्या एका रोग्याची नळीही अशीच नवी केली होती, हे सांगण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

भाऊ परत आले आणि पुढच्या सोमवारनंतर बाबल्या मरेना.

म्हणजे पुरता जगला असंही नाही. तीन चकत्यांभोवतीच्या रिंगणात, जिथे स्वच्छ असायला हवं तिथे, बारीक दाणे उगवले होते. पुढच्या सोमवारी ते दाणे दाट झाले. चकत्या शिळ्या म्हणून भाऊंनी मुंबईहून नव्या मागवल्या. मुंबईच्या त्या हॉस्पिटलात रघू म्हणून त्यांचा बाटल्या धुण्याच्या दिवसांपासूनचा मित्र होता, तो धाडायचा. नव्या आल्या तरी तेच. फ्रिज बदलला, आमरस खाली गेला, तरी तेच. आणि ह्याच सुमाराला टायफॉइडच्या काही रोग्यांच्या बशा तशाच दिसायला लागल्या. आमच्याकडे मुदतीच्या तापाला जी तीन औषधं चालत, त्या तिन्ही चकत्यांना खेटून जंतू.

"तिन्ही नाय म्हणतो," भाऊ डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टर फणसळकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे विचारलं ते कुणीही शहाण्या माणसानं विचारलं असतं. "तुमचा बाबल्या मेला का?"

"नाय."

"मग चकत्या बिघडल्यात, गुरव. जी औषधं मी वीस वर्षं देतोय ती एकाएकी पाणी झाली म्हणता?" आणि माझ्याकडे वळून, "मालिनी, ह्यांना पुन्हा नमुना द्या म्हणून कार्ड टाक. रिपोर्ट पाठवू नकोस."

असे सात रिपोर्ट मी चैत्रापासून आषाढापर्यंत टेबलाच्या खालच्या खणात ठेवले. ठेवताना एकदा म्हटल्याचंही आठवतं, "भाऊ, तुमचा देव रुसलाय वाटतं." कार्ड टाकलेल्यांपैकी दोघं पुन्हा आले. बाकीचे आले नाहीत. भात लावणीच्या दिवसांत डोंगरावरून पुन्हा रक्त द्यायला कोण येतो?

श्रावणात माझी धाकटी बहीण हेमा आजारी पडली.

आम्ही दोघी बहिणी आणि आई. हेमा एकोणीस वर्षांची, डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात मी बोलायची आणि ती हसायची, अशी आमची वाटणी. आठव्या दिवशी ताप एकशे चारवर, नवव्या दिवशी ती मला 'बाई' म्हणून हाक मारायला लागली, वर्गातल्या बाईंना मारतात तशी. डॉक्टरांनी खालच्या खाटेवर ठेवून घेतलं, औषध चालूच होतं, मात्रा वाढवली. भाऊंनी रक्त घेतलं. अकराव्या दिवशी सकाळी बशी वाचून त्यांनी चिठोरं माझ्याकडे सरकवलं नाही. हातात धरून उभे राहिले.

तिन्ही नाही. रघूनं त्या वेळच्या पार्सलात एका अगदी नव्या औषधाच्या चार चकत्या घातल्या होत्या, त्याचं नावसुद्धा आम्हाला धड उच्चारता येत नव्हतं. त्या चकतीभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ रिंगण होतं.

मी बशी घेऊन खाली धावले. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, चष्मा काढला, पुसला.

"बाबल्या?"

"जगला," मी म्हटलं.

"मग मी काय करू, सांग. ज्या चकत्यांनी बाबल्या मरत नाही त्यांच्या शब्दावर चालू औषध थांबवू? आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला मी कधी न वापरलेलं औषध देऊ? उद्या काही झालं तर तुझ्या आईला काय सांगू?" त्यांचा आवाज चढला होता, आणि तो रागानं नाही हे मला कळत होतं.

वर आले तर भाऊ स्टुलावर बसले होते. मग म्हणाले, "चकत्या तीनदा बदलल्या. फ्रिज बदलला. बाबल्या एकदा पन बदलला नाय."

"म्हणजे?"

"आपन बाबल्यावर संशय घेतला नाय. गरीब हाय म्हणून." ते उठले. "मूळ कुपी आनायची. आजच. तुमी येता?"

हेमाजवळ आई होती. मी गेले. बस देवरूखला साडेअकराला पोचली, पुढे चिखलातून चढण. भाऊ पुढे, मी मागे, माझी छत्री दोनदा उलटी झाली. एरवी मी यावर तासभर बोलले असते. त्या दिवशी एवढंच मोजत होते की दुपारची बस मिळाली तर चारला बशी लागेल आणि उद्या सकाळी वाचता येईल.

धोंडूदादा ओल्या पंच्यानं देवळातच होते. भाऊंनी सांगितलं, माझी कुपी हवी. धोंडूदादांनी कोनाड्याकडे बघितलं. कुपी होती. फक्त ती कुपी म्हणून ओळखू येत नव्हती. नऊ वर्षं देवाबरोबर तिलाही रोज हळदकुंकू लागत होतं, मेणावर कुंकवाचा थर बसला होता, आणि शेजारी कुणीतरी सुपारी ठेवली होती. गावात तिला 'गंगारामचा राखनदार' म्हणत, हे मला तिथे कळलं.

"गाभाऱ्यातली वस्तू देवाला इचारल्याबिगर भायेर जात नाय," धोंडूदादा म्हणाले.

"अरे दादा, ती माजी कुपी हाय."

"हुती."

धोंडूदादांनी कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही उभे. पागोळ्यांचा आवाज येत होता. मग एक कळी सुटली. डावी.

भाऊंचा चेहरा उतरला. "परत इचार," ते म्हणाले.

धोंडूदादांनी वळून बघितलं. "तू? तूच म्हणतस ना, एकदाच इचारायचा?"

"व्हय. पन परत इचार. ह्यांची भयन हाय, दादा. बारका प्वार हाय." भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. आयुष्यभराचा नियम त्यांनी माझ्यासमोर मोडला आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. मला मात्र त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

धोंडूदादा त्यांच्या कामात मुरलेले होते. त्यांनी पुन्हा कळ्या लावल्या आणि देवाला दुसऱ्या अंगानं गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, नेऊ नको म्हनतोस, का नेऊन परत आनून ठेव म्हनतोस? परत आनून ठेव म्हनत आसशील तर उजवा दे. लेकरू तुजा हाय, राखनदार तुजा हाय, मान राखून परत आनू."

"व्हय महाराजा," मी म्हणाले. ते थट्टेनं नव्हतं.

उजवी पडली.

कुपी रुमालात गुंडाळून आम्ही निघालो तेव्हा देवळाच्या पायरीशी एक बाई थांबली होती. पन्नाशीची, डोक्यावर इरलं. "तुमी डाक्टरकडच्या ना? आमच्या तुळसाचा कागद अजून आला नाय."

"येईल हं," मी म्हटलं. असं मी दिवसातून दहा जणांना म्हणायची. भाऊ थांबले, तिच्याकडे बघितलं, काही बोलणार होते, पण बस गाठायची होती.

चारला बशा लागल्या. एकीत मूळ बाबल्या, दुसरीत आमचा बाबल्या, दोघांवर एकाच बाटलीतल्या चकत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डॉक्टर स्वतः माडीवर आले. भाऊंनी दोन्ही बशा खिडकीत धरल्या. मूळ बाबल्या मुकाट मेला होता, सगळ्या चकत्यांभोवती गोल गोल रिंगणं. आमचा बाबल्या तीन चकत्यांना बिनधास्त टेकून बसला होता. कुठल्या तीन, ते सांगायला नको. हेमाच्या बशीतल्याच.

"चकत्या बऱ्या हायत," भाऊ म्हणाले. "बाबल्याच बिघडला."

डॉक्टर दोन पायऱ्या एकदम उतरत खाली गेले आणि मुंबईला फोन लावून बसले. रघूनं औषध रातराणीच्या ड्रायव्हरकडे दिलं. तेराव्या दिवशी सकाळी ते सुरू झालं, आणि अठराव्या दिवशी हेमानं मला 'बाई' न म्हणता 'मालूताई, भूक लागल्ये' म्हटलं. मी जिन्यात जाऊन रडले.

बाबल्या बिघडला कसा, हे डॉक्टरांना समजून घ्यायचं होतं. भाऊंनी आधी खात्री केली की नळीत दुसरा कुणी घुसलेला नाही. एका खास बशीत टायफॉइडचा जंतू फिका दिसतो आणि बाबल्या गुलाबी. सगळे ठिपके गुलाबी निघाले. बाबल्याच होता तो, फक्त आता त्याला तिन्ही औषधं पचत होती.

"ह्याला टायफॉइडच्या जंतूनं शिकवलान," भाऊ म्हणाले.

"जंतू जंतूला शिकवतो?" मी विचारलं.

"तुमच्याकडचा विरजन सपला तर काय करता? शेजारनीकडना चमचाभर आनता. तिचा काय कमी होत नाय, आनि तुमचा दही तिच्यासारखा लागता. ह्यांचा तसाच हाय. औषधाला न मरायचा गुण एकमेकांना देतत. एका जातीचा दुसऱ्या जातीला पन देतो."

"माणसांना जातीबाहेर विरजण द्यायला किती पिढ्या लागल्या, आणि हे बघा," मी म्हटलं. डॉक्टर हसले. ते म्हणाले, असं होतं हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, पण ते विलायतेतलं असेल असं समजून पान उलटलं होतं. आठवड्यानं रघूचं पत्र आलं. त्यांच्याकडेही तीन 'नाही' दिसू लागले होते, आणि त्यांचे साहेब म्हणत होते की दुसऱ्या प्रांतांतून, परदेशांतूनही अशाच बातम्या आहेत. म्हणजे विरजण केव्हाच घरोघर फिरत होतं. आम्ही रत्नागिरीत फ्रिजमधल्या आमरसाला दोष देत बसलो होतो.

डॉक्टर खाली गेल्यावर भाऊंनी मला विचारलं, "शिमग्यात तार लाल केली हुती ना?"

"केली होती," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एकदाच विचारलं आणि आलं ते उत्तर घेतलं.

खणातले सातही रिपोर्ट डॉक्टरांनी खऱ्या निकालानिशी पाठवायला सांगितले. "गुरव, चुकलो मी," असं त्यांनी माझ्यासमोर म्हटलं, आणि भाऊ इतके गोंधळले की त्यांनीच माफी मागितली. सहा पाकिटं मी टपालात टाकली. सातवं भाऊंच्या गावचं होतं. तुळसा, वय बावीस, वैशाखातला नमुना. गणपती झाल्यावर कुपी देवाला परत करायला जायचंच होतं, तेव्हा हातोहात द्यावं म्हणून ते मी पर्समध्ये ठेवलं.

बसमध्ये भाऊ म्हणाले, "ता पाकीट टपालानं टाकला तरी चालला आसता."

"टपालाला चार दिवस लागले असते. आपण जातोच आहोत ना?"

ते तिकिटं काढायला कंडक्टरकडे वळले.

कुपीला कोनाडा मिळाला, नवं कुंकू मिळालं. मी विचारत विचारत तुळसाचं घर शोधलं. भाऊ मागून आले. त्या दिवशी देवळाच्या पायरीशी इरलं घेऊन थांबली होती तीच बाई ओटीवर बसली होती. तिचं नाव सखू, तुळसाची आई.

"मावशी, कागद आणलाय. तुळसा कुठे आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे भाऊंकडे. "तुळसा गेली ना, बाय. जेठात."

मी तिच्याशेजारी बसले. ओटी नुकती सारवलेली होती आणि माझा हात ओल्या शेणात टेकला, तो मी तसाच राहू दिला.

"वाचा तरी," सखू म्हणाली. "काय लिवलाय? माज्या जावा बोलतत, तापात ताक दिलास म्हनून पोर गेली. मागत हुती वो ती. थंड वाटता म्हनाली. मी वाटीभर दिला." तिचा आवाज अगदी साधा होता. हे तिनं आजवर कुणाला सांगून मन मोकळं केलेलं नव्हतं, तेवढं कळत होतं.

कागदावर तीन औषधांची नावं होती आणि तिन्हींपुढे मीच टाईप केलेलं 'लागू नाही'. ते वाचून दाखवून मी उठू शकले असते. घरी हेमा होती, पेज खात होती, चिडवलं की उलट बोलायला लागली होती.

"ताकानं काही झालं नाही, मावशी. तिला जे औषध मिळालं ते त्या जंतूला लागूच पडत नव्हतं. भाऊंना ते वैशाखातच कळलं होतं. पण त्यांचं कुणाला खरं वाटलं नाही, कारण एक काम मी नीट केलं नव्हतं. शिमग्यात तार लाल करायची होती, ती मी केली नाही. नंतर विचारलं तेव्हाही केली म्हणून सांगितलं." मी कागद तिच्यापुढे धरला. "हा कागद माझ्या खणात होता. मुंबईला नवं औषध होतं. कागद निघाला असता तर कदाचित."

तारेचं सखूला काही कळलं नसणार. ज्यांना कळायचं ते माझ्यामागे दारात छत्री घेऊन उभे होते. मी वळून बघितलं नाही, आणि त्यांनीही काही विचारलं नाही.

सखू कागदाकडे बघत होती. वाचता येत नव्हतं तरी तिनं तो हातात घेतला, उलटा होता तो मी सरळ करून दिला. माझ्याबद्दल ती चांगलं-वाईट एक अक्षर बोलली नाही. अजूनपर्यंत नाही.

"मंजे ताक नव्हता?"

"नव्हतं."

"तवापास्ना घरात विरजन लावलेला नाय," ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिनं ती कनवटीला खोचली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि कुंपणाशी जाऊन शेजारच्या घराकडे हाक दिली, "हौसा, विरजन हाय काय गो चमचाभर?"